दादांच्या साडेतीनशेची तयारी समिती

किस्से काही कोणी ठरवून जमवत नाही. जुनी मोटरसायकल अंगणात उभी करायची आणि "हिच्यावर कन्याकुमारीला जातोय" एवढं चारचौघांत बोलून जायचं, बस! दोन महिन्यांत इतके किस्से साठतात, की ते सांगायलाच वेगळी ट्रिप काढावी लागेल.

आमच्या सुधाकरदादांनी ही चूक उज्जैनच्या टावर चौकात, चहा पिताना, आमच्यासमोर केली. दादा सरकारी नोकरीतून रिटायर झालेले. गाडी लग्नाआधीची, साडेतीनशे सीसी, किक मारून चालू होणारी. घाई होती ती गुडघ्याची. देवदिवाळीनंतर उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "त्यानंतर किक विसरायची." म्हणजे गेले तर याच वर्षी, नाहीतर कधीच नाही.

आम्ही तिघांनी ताबडतोब मदत देऊ केली. दादांचे ग्रह तिथेच फिरले. दर रविवारी सकाळी त्यांच्या अंगणात मीटिंग ठरली.

*

पहिले मोघे. बँकेतून निवृत्त. आयुष्यभर दुचाकी म्हणून फक्त स्कूटर चालवली, तीही बँक ते घर. पण मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून माणूस लडाखला जाऊन आल्यासारखा बोलतो!

मोघ्यांनी पहिल्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. मग नाव काय ठेवायचं यात दोन रविवार गेले. फोटो कुठला लावायचा यात तिसरा. गाडीला अजून कोणी हातही लावला नव्हता.

देवास गेटचे रफीक मिस्त्री ही गाडी वीस वर्षं सांभाळतायत. ते कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होते. शेवटी उठले आणि म्हणाले, "साब, पहले इंजन का तेल बदल लो. ग्रुप की फोटू तो बाद में भी बदल जाएगी!"

मोघ्यांनी त्यांना ग्रुपमध्ये घेतलं नाही.

*

दुसरे करकरे सर. शाळेत विज्ञान शिकवायचे. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे विश्वास बसणार नाही.

बॅटरीतलं पाणी कमी झालं होतं. मिस्त्रींनी सरांना डिस्टिल्ड वॉटर आणायला सांगितलं. सर राम घाटावर गेले आणि बाटलीभर शिप्राजल घेऊन आले. स्वतःच्या हाताने बॅटरीत ओतलं, वर नमस्कार केला. "याहून शुद्ध पाणी जगात आहे का हो?"

विज्ञानाचे शिक्षक! चाळीस वर्षांत किती पोरांचं नुकसान केलं असेल या माणसाने!

चार दिवसांत बॅटरी गेली. मिस्त्रींनी ती उघडून बघितली, सरांकडे बघितलं. "सरजी, बैटरी में पानी डालना था. आपने तो उसकी अस्थियाँ शिप्रा में सिरा दीं!"

*

तिसरा मी. माझंही झाकत नाही.

जावयाने मला पान्यांचा एक झकास सेट दिला होता. मखमली खाचा, चकचकीत पाने. तीन वर्षं कपाटात होता. मी तो मोठ्या मनाने ट्रिपसाठी दिला आणि रस्त्यात गाडी कशी खोलायची यावर पाऊण तास बोललो. दादा मन लावून ऐकत होते, बिचारे.

मिस्त्रींनी एक पाना उचलला, नटाला लावला. बसेना. दुसरा, तिसरा. एकही बसेना! माझे पाने मिलिमीटरचे, जुन्या गाडीचे नट इंचाचे. हे मला साठाव्या वर्षी, सर्वांसमोर कळलं.

"किट तो एक नंबर है साब," मिस्त्री म्हणाले, "बस, इसके लायक दूसरी गाड़ी ढूँढनी पड़ेगी."

*

मग टेस्ट राइड. उज्जैन ते देवास आणि परत. दादा गाडीवर, आम्ही तिघं मागे मोघ्यांच्या कारमध्ये, एसी लावून. चालवायला मी, मोघ्यांच्या मांडीवर निरीक्षणाची वही.

निम्म्या वाटेत कार गरम झाली. बॉनेटमधून वाफ! आम्ही रस्त्याच्या कडेला उन्हात उभे. दादा मोटरसायकलवर देवासला गेले, मेकॅनिकला मागे बसवून आणलं, कार दुरुस्त होईपर्यंत थांबले, त्याला परत देवासला सोडलं आणि आमच्या आधी उज्जैनला पोचले.

रविवारी मोघ्यांनी अहवाल वाचला. "कार बंद पडल्यामुळे मोटरसायकलचं निरीक्षण होऊ शकलं नाही. सबब टेस्ट अपूर्ण."

आणि आम्ही माना डोलावल्या! मीसुद्धा. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

*

तारखेचं खातं करकरे सरांकडे. पितृपक्षात निघायचं नाही. नवरात्रात घट बसलेत. दसऱ्याला सरांकडे पाहुणे. मग कोजागिरीचं दूध पिऊनच निघा. दिवस चालले होते आणि दादा मधूनमधून गुडघा दाबत बसलेले असायचे.

कोजागिरीनंतरच्या मीटिंगला मोघे म्हणाले, विंडशील्ड बसवल्याशिवाय जाणं धोक्याचं आहे.

"अहो, पण ऑपरेशन?" दादांनी विचारलं.

"पुढे ढकला ना यार! डॉक्टर काय पळून जातोय?"

दादा उठून गाडीवर कव्हर घालायला लागले. त्या माणसाला रात्री गुडघ्याने झोप लागत नव्हती, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. मला लाज वाटली, पण विंडशील्ड केवढं असावं यावर मीही मत दिलंच.

*

पुढचा रविवार. दादा अंगणात दिसले नाहीत. अंघोळीला गेले असतील म्हणून आम्ही मीटिंग सुरू केली. गाडी नेहमीसारखी कव्हरखाली. विंडशील्ड हनुवटीपर्यंत हवं की नाकापर्यंत, यावर मोघे आणि सर तासभर भांडले. सर एकदा इतके चिडले की मूठ आपटली, ती कव्हरवरच.

शेवटी माप घ्यायचं ठरलं. मोघ्यांनी टेप काढला आणि कव्हर उचललं.

खाली उन्हाळ्यातला कूलर होता. त्याच्यावर उलटा ठेवलेला स्टूल.

तेवढ्यात वहिनी ट्रे घेऊन बाहेर आल्या. आम्ही तिघं कूलरकडे बघत उभे.

"वहिनी, गाडी कुठे आहे?"

"ते मंगळवारी सकाळीच गेले की. काल सोलापुरात होते." वहिनींनी माझ्या हातात बशी दिली. "जाताना म्हणाले, रविवारची मीटिंग मोडू नकोस. त्यांना पोहे कर."