पिवळ्या दिव्याखालचा बस्ता

आमच्या नागपूरची बाई दुकानातल्या उजेडावर भरवसा ठेवत नाही. साडी उचलून ती पायरीवर जाते, बाहेर दोन्ही हातांनी ताणून पाहते आणि मगच भाव करायला तोंड उघडते. खांद्यावर गाठोडं घेऊन गल्ल्या फिरलेल्या मला ही रीत पाठ होती. म्हणून तर रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबासमोरचं दुकान मी भांडून मिळवलं. पुढे कॉर्पोरेशननं त्याच खांबावरचा साधा बल्ब काढून सोडियमचा पिवळा दिवा लावला. मी त्यांच्या ऑफिसात जाऊन ओरडलो. साहेब म्हणाला, "उजेड वाढला ना? मग?"

त्या हिवाळ्यात एकदा अंधार पडल्यावर उमरेडची एक बाई लेकीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आली. असा एक बस्ता म्हणजे माझा अर्धा मोसम. नवरीची लालभडक साडी घेऊन ती पायरीवर गेली आणि तिथूनच कडाडली, "काय जी, हे तर काळी दिसून राहिली!"

"लाल आहे, बाई. दिवा खोटा आहे."

"दिवा खोटा अन् तुम्ही खरे? काळं नेसवून पोरीले पाठवू काय?"

कॉलेजात फिजिक्स शिकवणारे एक गिऱ्हाईक गादीवर बसले होते. ते तिला समजावू लागले. वीज लागली की सोडियमच्या अणूतला इलेक्ट्रॉन वर चढतो, तिथं टिकत नाही, खाली येतो आणि घेतलेली ऊर्जा उजेड म्हणून सोडतो. चढ-उताराचं माप ठरलेलं, म्हणून रंगही ठरलेला, पिवळाच. त्यात लाल नाहीच, तर साडी लाल परत देणार कुठून?

बाई म्हणाली, "तुमचं दोघायचं जमलेलं दिसते." आणि गेली.

मी मास्तरांवर घसरलो. "त्या इलेक्ट्रॉनले थोडा लाल सोडायले काय होते?"

"त्याचा एकच भाव असते, भाऊ. तुमच्यासारखं नाही."

ते हसले. मी त्यांना साधं पाणीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई परत आली. मागच्या गल्लीत अजून जुना बल्ब होता. तिथं तिनं सगळा बस्ता बांधला होता. पिशवीतून नवरीची साडी काढून तिनं माझ्याच पायरीवर उन्हात धरली. तोच रंग, तेच काठ, माझ्याच ठोक व्यापाऱ्याचा माल.

"पाहा, याले म्हणते लाल," ती म्हणाली. "यावर ब्लाउजपीस द्या. अन् भाव बराबर लावा."

मी एक पैसा सोडला नाही.