झुंबरताई

ताई बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघत नसत, छताकडे बघत. नवीन माणूस घाबरून स्वतःही वर बघे. पाल पडते की काय! वर पाल नव्हती, झुंबर होतं. पितळेच्या वेली आणि दुधी काचेचे गोळे. मुलुंडच्या आमच्या जुन्या पंपघरात ताई हेडक्लार्क होत्या आणि सगळे त्यांना झुंबरताई म्हणत, अगदी त्यांच्यासमोर.

पंपघराच्या कमानींवर चुन्याची कमळं आहेत, लोखंडी खांबांना पानंफुलं. मी इंजिनियर, मला त्यात फक्त धूळ दिसे. ताई म्हणत, "साहेब, तेव्हा पंपघरसुद्धा लग्नघरासारखं नटवायचे. आता तुम्ही लोक लग्नाचे हॉल पंपघरासारखे बांधता."

मग वरून आदेश आला. झुंबर भंगारात द्या, एलईडी पट्ट्या लावा. कामाच्या कागदावर सही माझी. ताईंना सांगताना मी फरशीकडे बघत होतो.

"लावा पट्ट्या," ताई छताला म्हणाल्या. "त्या उजेडात तुम्ही पोस्टमॉर्टमला आणल्यासारखे दिसाल."

कंत्राटदाराचा मुकादम दत्ता शिडी घेऊन आला तो नेमका खंडेनवमीला. त्या दिवशी आम्ही पंपांना हळदकुंकू वाहतो, झेंडूचे हार घालतो. पूजा झालेल्या यंत्राला दिवसभर हात लावायचा नसतो. पण पंप थांबवून कसं चालेल? त्या वर्षी ताईंनी तोडगा काढला. कप्पीवरून झुंबर खाली घेतलं, हार घातला आणि परत वर चढवलं. "पंपांच्या वतीनं आज हे सुट्टीवर."

दत्तानं हात जोडले आणि पाना पिशवीत टाकला. "पूजेच्या वस्तूला पाना लावला तर माझीच वाट लागेल ना!"

दुसऱ्या दिवशी तो परत आला. झुंबरावर ताजा झेंडू.

"ताई, पूजा काल झाली ना?"

"आज दसरा."

मग कोजागिरी आली, मग संकष्टी. एकदा दत्ता वैतागला, "आज तर काहीच नाही!"

"आज मंगळवार," ताई म्हणाल्या.

मला सगळं कळत होतं. वर मात्र मी 'काम प्रगतिपथावर' असं कळवत होतो.

ताई निवृत्त झाल्या. शाल, नारळ, पेढे झाले. निघताना त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा थेट माझ्या डोळ्यांत बघितलं. "साहेब, उद्या?"



आता स्टेशनबाहेरची फुलवाली मला बघितलं की न विचारता एक झेंडू पुढे करते. माझं देवाधर्माचं फारसं नाही, त्यामुळे हे खोटं जास्तच टोचतं. बायकोला खिशात पाकळ्या सापडल्या, तिला तर वेगळाच संशय आहे.

परवा दत्ता दारात उभा राहिला. "साहेब, आज काय?"

मी उत्तर शोधत छताकडे बघितलं. गोळे मंद उजळले होते.

"आज सोमवार," मी झुंबराला म्हणालो.