शेंदरी तोफगोळा

वडिलांचा जीव वाचवला म्हणून मार खाल्लेला अख्ख्या वटार गावात मी एकटाच.

त्याचं असं झालं. स्वराज्य नुकतंच आलेलं, आणि माझी चुलत बहीण मंदा रहस्यकथा वाचून गुप्तहेर झालेली. (मी मदतनीस. म्हणजे पिशवी धरायची.) वसईच्या किल्ल्यात तटाखाली पडलेला दगडी तोफगोळा तिने सुतळीने मोजला आणि घरी येऊन तीच सुतळी आमच्या वाडीतल्या देवाभोवती गुंडाळली. वाडीचा राखणदार असलेला हा देव म्हणजे नारळाएवढा गोल दगड, वर शेंदराचे थर. सुतळी नेमकी बसली!

"बाळ्या," मंदा कुजबुजली, "हा देव नाही. फिरंग्यांचा गोळा आहे. न फुटलेला!"

माझ्या पोटात गोळा आला. (हा वेगळा.) कारण केळीचा पहिला घड उतरवण्याआधी देवाच्या माथ्यावरच नारळ फोडायचा, ही आमच्या घरची रीत. आणि तो नारळ माझे वडील, नाना, दुसऱ्याच दिवशी फोडणार होते!

"नानांना सांगू या?"

"देवाला तोफगोळा म्हटलंस तर आधी नानाच फुटतील!"

रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी आई निरांजन घेऊन उभी, ज्योत देवापासून जेमतेम वीतभर. नानांनी नारळ उचलला. मला राहवेना. झेप घेतली, देव पोटाशी धरला, धावत सुटलो आणि थेट विहिरीत टाकला. धप्प!

"अरे मेल्या, देव बुडवलास!" आई किंचाळली.

"फुटणार होता तो! आत दारू आहे!"

"दगडात दारू कुठनं येणार, गाढवा?" नानांनी धोतर खोचलं आणि उडी मारली.

एकदा वर आले, हात रिकामे. पुन्हा बुडी मारली. बुडबुडे आले. मग बुडबुडेही थांबले. आई काठावरून "अहो! अहो!" करून हाका मारतेय, मंदाची नखं माझ्या दंडात रुतलेली. नारळापासून वाचवलेले नाना मी विहिरीत घालवले होते! रडत रडत मी नवस बोललो, आणि तोही त्या बुडालेल्या देवालाच.

अखेर नाना वर आले, देव छातीशी धरून. पायऱ्या चढले, देव जागेवर ठेवला आणि मग माझ्याकडे वळले. त्याचं वर्णन करत नाही.

नानांचं डोकं पुसता पुसता आई म्हणाली, "संकट आलं की लोक देव पाण्यात ठेवतात. आमच्या चिरंजीवांनी देव पाण्यात ठेवून संकट आणलं!"

आता माझे केस पिकले. पण घरात कुणाची परीक्षा असो की बाळंतपण, देव पाण्यात ठेवायची वेळ आली, की आधी मला घराबाहेर काढतात.