मांडव आपल्याच दारात

करावे गावात लग्न निघालं की पहिला निरोप यशोदाबाईंकडे जायचा. भटजींचं काय, फोन केला की ते मोटारसायकलवरून येतात, मंगलाष्टकं उरकतात आणि पुढच्या हॉलवर पळतात. धवलारीण तशी मिळत नाही. आगऱ्यांच्या लग्नात मांडवाखाली बसून, एकवीरा आईपासून गावदेवीपर्यंत सगळ्या देवांना गाऊन बोलावणारी ती बाई. तिने बोलावल्याशिवाय देव येत नाहीत, आणि देव आले नाहीत तर लग्नाला अर्थ नाही, असं गावातली जुनी माणसं अजून मानतात. नवी माणसं मानत नाहीत, पण बोलावतात. उगाच कशाला परीक्षा घ्या!

यशोदाबाईंनी हे गाणं, म्हणजे धवला, सासूकडून घेतलं. पंधराव्या वर्षी लग्न होऊन देवजींच्या घरात आल्या तेव्हा घरामागे भाताची खाचरं होती आणि त्यापलीकडे मिठागरं. आता तिथे सीवूड्सचे टॉवर उभे आहेत. जमीन गेली, मिठागरं गेली, काही वर्षांनी देवजीही गेले. उरलं ते कौलारू घर, मुलगा दिलीप, सून, नात सुचिता आणि बाईंचा गळा. गळा असा की पंख्याच्या आणि डीजेच्या आवाजावर चढून मांडवाच्या शेवटच्या खांबापर्यंत पोचायचा. त्याचा त्यांना अभिमान होता. अभिमान तसा त्यांना बऱ्याच गोष्टींचा होता.

सुचिता बेलापूरला एका वकिलाच्या ऑफिसात काम करायची. शहाबाज गावचा हितेश महाप्याच्या कंपनीत होता. पोरांनी एकमेकांना आधीच बघून ठेवलं होतं, मोठ्यांनी फक्त आपण स्थळ शोधल्याचं नाटक केलं. साखरपुडा थाटात झाला. लग्न पुढच्या वैशाखात ठरलं आणि दिलीपने हॉलची चौकशी सुरू केली.

यशोदाबाईंनी ती तिथल्या तिथे थांबवली. सगळ्या गावाच्या मांडवात गायलेल्या बाईच्या नातीचा मांडव हॉलमध्ये? त्या दिलीपला म्हणाल्या, "माझे नातीचा मांडव भाड्याचे दारान नाय. आपलेच दारान."

इथवर सगळं ठीक होतं. दार होतं, दारापुढे मांडवाला पुरेल एवढी जागा होती, कौलं शाकारून भिंतींना रंग काढला असता की काम झालं असतं. पण आजूबाजूला सगळ्यांची कौलं कधीच उतरली होती. भावकीतल्या एकेकाने चार चार मजले चढवले होते, इतके जवळ की एकाच्या गॅलरीतून दुसऱ्याच्या खिडकीत भाजीची वाटी द्यावी. त्या इमारतींच्या मध्ये यशोदाबाईंचं बैठं घर म्हणजे मोठ्या माणसांच्या पंगतीत चुकून बसलेलं पोर. शहाबाजची माणसं वरात घेऊन येणार, बघणार, मनात काय म्हणणार? बाईंच्या मनाने घेतलं की आधी घर बांधायचं आणि त्या नव्या घराच्या दारात मांडव घालायचा. वैशाखाला वर्ष होतं. वर्षात काय होत नाही?

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणतात. यशोदाबाई दोन्ही एकदम बघायला निघाल्या. मांडवासाठी चांगलं दार हवं म्हणून होतं ते दार त्यांनी दसऱ्याच्या मुहूर्तावर पाडलं. दिलीप आईपुढे कधी बोलला नव्हता, तेव्हाही बोलला नाही. घरातली भांडीकुंडी आणि देव घेऊन चौघं सीवूड्सच्या एका सोसायटीत भाड्याने राहायला गेली.

कंत्राटदार होते हौसेराव. सांगलीकडचा माणूस, बोलायला असा गोड की रागावायला गेलेला माणूस चहा पिऊन परत यायचा. पाया झटपट झाला, खांब उभे राहिले, आणि मग गवंडी होळीला म्हणून गावी गेले ते तिकडेच राहिले. नवे आले तेव्हा रेती नव्हती. रेती आली तेव्हा सेंटरिंगच्या प्लेटा दुसऱ्या साइटवर अडकल्या होत्या. "काकू, सोमवारी शंभर टक्के," असं हौसेराव म्हणायचे. तो सोमवार काही कुठल्या आठवड्यात यायचा नाही. सुचिता थट्टेने त्याला हौसेरावांचा सोमवार म्हणायची. तेव्हा ती अजून थट्टा करत होती.

वैशाख आला. उघड्या खांबांवर सळ्यांची टोकं आकाशाकडे बघत होती. यशोदाबाईंनी शहाबाजला निरोप धाडला, की तुळशीच्या लग्नानंतर करू. व्याही भले माणूस, हो म्हणाले. पुढे पहिला स्लॅब भरून झाला आणि त्याच महिन्यात काम थांबवण्याची नोटीस आली. कोणीतरी तक्रार केली होती. कोणी, ते कळलं नाही, त्यामुळे यशोदाबाईंनी सगळ्या भावकीवरच संशय घेतला आणि दोन घरांशी बोलणं टाकलं. दिलीप रजा टाकून पालिकेच्या ऑफिसात खेपा घालू लागला. कधी साहेब मीटिंगमध्ये, कधी साहेब रजेवर, कधी साहेब जागेवर पण फाइल दुसऱ्या मजल्यावर. तुळशीचं लग्न झालं, सुचिताचं राहिलं.

बाई रोज संध्याकाळी सोसायटीतून चालत गावात यायच्या आणि त्या सांगाड्यापुढे उभ्या राहायच्या. सोसायटीत त्यांना करमत नव्हतं. तिथे शेजारणी चांगल्या होत्या, पण दार लावून चांगल्या होत्या. एकदा दुपारी भांडी घासताना त्यांनी धवल्याचे दोन शब्द मोकळ्या आवाजात म्हटले, तर खालच्या मजल्यावरून मूल झोपलंय म्हणून निरोप आला. त्या दिवसापासून त्या मनातल्या मनात गाऊ लागल्या. गाणं मनात ठेवलं की गळ्याला गंज चढतो, असं त्या सुनेला म्हणाल्या.

हितेशची आई एकदा स्वतः भेटायला आली. बाई मोकळ्या मनाची. म्हणाली, आमच्या दारात मांडव घालू, दोन्हीकडच्या हळदी तिथेच लावू, नवरी काय आणि नवरा काय, पोरं आपलीच. सून आशेने सासूकडे बघू लागली. यशोदाबाईंनी व्याहिणीची ओटी भरली, तिला जेवून जायला लावलं आणि नाही म्हणाल्या. मुलीकडची माणसं मुलाच्या दारात हळद लावायला गेली, हे गाव दहा वर्षं बोललं असतं. असं त्यांना वाटलं. गावाला दहा वर्षं बोलायला वेळ कुठे आहे, हा विचार त्यांना शिवला नाही.

मग एके दिवशी सुचितानेच तोड काढली. आजीबरोबर ती साइटवर आली होती. खालच्या मजल्याच्या भिंती कंबरेइतक्या येऊन थांबल्या होत्या. ती म्हणाली, "आजी, निस्ती चौकट बसवून घेऊ. तिचे समोर मांडव घालू. दार झायला ना आपला?"

बाईंनी तिच्याकडे बघितलं. पोरीचा आवाज सहज होता, पण हाताने सळई घट्ट धरलेली होती. त्यांच्या ते लक्षात आलं, नाही असं नाही. पण कवाड नाही, भिंती नाहीत, वर नुसता स्लॅब, आणि तिथून लेक बाहेर काढायची? अशा घरातून मढंसुद्धा काढत नाहीत, असं काहीतरी त्या बोलून गेल्या. अभद्र शब्द होता. तोंडातून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. सुचिताने सळई सोडली, हाताला लागलेला गंज ओढणीला पुसला आणि म्हणाली, बरं.

दुसरा वैशाखही कोरडा गेला. हितेशच्या वडिलांना झटका येऊन गेला, अर्धं अंग गेलं. डोळ्यांदेखत पोराचं लग्न व्हावं एवढंच ते म्हणत होते. हितेश एका संध्याकाळी सोसायटीच्या फाटकाशी आला. सुचिता खाली गेली आणि बराच वेळ वर आली नाही. आली तेव्हा आईला एवढंच म्हणाली की त्याच्या बाबांना आता थांबायला जमत नाही. सून त्या संध्याकाळी पहिल्यांदाच सासूवर ओरडली. दिलीप गॅलरीत जाऊन उभा राहिला. यशोदाबाईंनी हॉल घ्या म्हणून सांगितलं, उद्याच घ्या, कुठलाही घ्या. पण तिकडे दुसरी मुलगी बघायचं ठरलं होतं आणि साखरपुड्याची अंगठी डबीत घालून सुचिताने खालीच परत दिली होती.

माणसाला आपली चूक लगेच कळत नाही, हे देवाने बरं केलं आहे. यशोदाबाई बरेच दिवस हौसेरावांना शिव्या देत राहिल्या, मग ऑफिसातल्या साहेबांना, मग तक्रार करणाऱ्या त्या अज्ञात भाऊबंदाला. शिव्या संपल्यावर त्या एकट्या पडल्या.

हितेशला दिलेली मुलगी करावेचीच निघाली. बाईंच्या पाडलेल्या घरापासून चौथं घर, कुंदाची मनाली. यात कुंदाचं काही चुकलं नव्हतं. स्थळ मोडल्यावर मध्यस्थाने आणलं, मुलगा चांगला, माणसं चांगली, तिने होकार दिला. पण लग्नाचं आमंत्रण घेऊन ती सोसायटीच्या दारात आली तेव्हा चपला काढायलाही तिला सुधरेना. अक्षता ठेवल्या, पाणी प्यायली आणि मग मान खाली घालून म्हणाली, "काकी, धवल्याला दुसरी बाय नाय भेटत. मी इचारू नये, मना कलतं. पन माझे पोरीचे मांडवान देव कोन आनंल?"

धवलारणीने मांडवाला नाही म्हणायचं नसतं. वैऱ्याच्या घरचा असला तरी जायचं, सासूने पहिला शब्द शिकवताना ही शपथ घातली होती. यशोदाबाईंना ती आठवत होती, तरी तोंडातून हो निघेना. बरोबरीने झील धरणाऱ्या गंगूला आता ऐकू येत नाही, मी एकटी कशी गाऊ, अशी सबब त्यांनी सांगितली. सबब खरी होती, म्हणून त्यांना जरा हायसं वाटलं.

सुचिता आतून बाहेर आली. "मी धरीन झील," ती कुंदाला म्हणाली. "जा तू काकी. आमी येतो."

कुंदा गेल्यावर बाईंनी नातीला समजावलं, विनवलं. सुचिता कपड्यांच्या घड्या करत होती. तिचं म्हणणं असं की नाही गेलो तर सगळ्या गावात होईल, सुचिता जळते. गेलो तर निदान ते तरी होणार नाही. शिवाय लहानपणापासून आजीच्या मांडीवर बसून तिने सगळे धवले ऐकले होते, तेवढंच आता कामाला येईल.

हळदीच्या दिवशी कुंदाच्या दारात मांडव गच्च भरला होता. चार मजल्यांचं घर, खाली फरशी, दाराला फुलांच्या माळा. यशोदाबाईंना जे जे हवं होतं ते सगळं तिथे होतं. दोघी आल्या तशा बायका कुजबुजल्या आणि लगेच एकमेकींना बसायला जागा देण्यात गुंतल्या. सुचिता आजीशेजारी मांडी घालून बसली. बाईंनी देवांना हाक घातली. एक ओळ त्या म्हणायच्या, तीच ओळ सुचिता मागून उचलायची. आवाज तरुण होता, पण वळणं सगळी बाईंची. मनालीच्या अंगाला हळद लागत होती. ती सुचिताकडे बघत नव्हती.

मग लेकीने बापाच्या दारातून निघायचं गाणं आलं. यशोदाबाईंनी ते किती मांडवांत म्हटलं असेल याला हिशोब नाही. त्यात नवरीचं नाव घ्यायचं असतं आणि ती कोणत्या दारातून निघाली ते सांगायचं असतं. त्यांनी तोंड उघडलं आणि आवाज आलाच नाही. खाकरून पुन्हा बघितलं. नुसता हुंदका आला. धवला मध्येच तुटणं म्हणजे नवरीला अपशकुन. कुंदाच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

सुचिताने थोडी वाट बघितली. मग झील सोडून तिने पहिली ओळ स्वतःच घेतली. मनालीचं नाव घेतलं, कुंदाच्या दाराचं नाव घेतलं, नवऱ्याच्या जागी हितेशचं नाव घेतलं आणि गाणं शेवटपर्यंत नेलं. कुठेही आवाज हलला नाही. बिनलग्नाची पोर धवला गाते, हे करावे गावात आजवर कोणी पाहिलं नव्हतं. म्हाताऱ्या बायकांनी पदर तोंडाला लावले. मनाली मात्र आता हळदीच्या पाटावर रडत होती.

उठताना एका बाईने सुचिताच्या पाठीवरून हात फिरवला आणि कौतुकाने म्हणाली, आजीचा गळा आला गं तुझ्यात, पुढल्या महिन्यात आमच्या मांडवाला तूच ये. सुचिता येते म्हणाली. यशोदाबाईंनी ते ऐकलं. ही आता लोकांच्या लेकी दारातून काढत फिरणार, त्यांच्यासारखी. पण त्यांना निदान देवजी मिळाले होते.

परतीच्या वाटेवर घर लागलं. नोटिशीचं मिटलं होतं आणि खरोखरच काम सुरू होतं, वरच्या मजल्यावर माणसं हलत होती. हौसेराव खाली उभे होते. यशोदाबाईंना बघून पुढे आले. या वेळी त्यांच्या बोलण्यात गोडवा नव्हता, खरेपणा होता. म्हणाले, "काकू, दिवाळीला चावी हातात देतो. आईची शपथ."

सुचिता म्हणाली, "सावकाश करा काका. आता घाई नाय."

हौसेरावांना काही कळलं नाही, ते हसले. दोघी पुढे निघाल्या. सोसायटीकडे जाणारा मोठा रस्ता आला, गाड्या थांबेनात. कडेला उभ्या राहून यशोदाबाईंनी नातीकडे न बघता म्हटलं, "चुकला माझा, बाय."

सिग्नल पडेपर्यंत सुचिता गाड्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हां आजी. चुकला," आणि रस्ता ओलांडायला आजीचा हात धरला.