घ्यायचे तर!

बार्शीच्या एसटी स्टँडवर मला सोडायला आमची अर्धी गल्ली आली होती. प्रेमाने आली असेल असं समजू नका. मास्तरांची पोरगी विलायतेला निघाली म्हणजे नक्की काय काय घेऊन निघाली, हे बघायला आली होती. पुण्याची गाडी लागली, भावाने माझ्या बॅगा वर चढवल्या, आणि आमचे शेजारी बंडूकाका सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने आईला म्हणाले, "काय वहिनी, मास्तरांनी घेतली नसती तर आज लेकीला टाटा करायला उभे असते."

आईने पदर खोचला. "घ्यायचे तर! रोज तुमच्याच मांडीला मांडी लावून बसायचे ना भावजी, म्हणून तुम्हांला पक्कं ठाऊक."

लोक फिस्सकन हसले. बंडूकाका कानापर्यंत लाल झाले आणि गाडीच्या टायरकडे बघत राहिले. माणूस कितीही हलकट असो, आईचा टोमणा त्याला जागच्या जागी कळला होता.

माझे बाबा चित्रकलेचे मास्तर. आयुष्यात दारूचा थेंब नाही. आधी डोळे पिवळे झाले, मग पाय सुजले, पोट फुगलं. डॉक्टर म्हणाले, लिव्हर गेलंय. झालं! लिव्हर गेलं याचा आमच्या गावात एकच अर्थ. "मास्तर घेतात." काय घेतात ते सांगायची गरज नाही, मराठीत नुसतं 'घेतो' म्हटलं की बाटली आपोआप समोर येऊन बसते. काविळीवर बरा म्हणून बाबा रसवंतीत उसाचा रस प्यायचे, घरून नेलेल्या स्टीलच्या पेल्यातून. तर म्हणे, स्टीलचाच का? आतलं दिसू नये म्हणून! उचलली जीभ, लावली टाळ्याला. बाबांची सख्खी बहीण, माझी आत्या, अशीच पिवळी होऊन गेली. तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. बाईला होते ती कावीळ आणि पुरुषाला होते ती दारू, असा हा न्याय. काविळीने डोळे बाबांचे पिवळे झाले होते, पण सगळं पिवळं दिसत होतं ते गावाला.

गाडी सुटताना आई खिडकीशी आली. म्हणाली, "सरळ सांगून पाहिलं, कुणी ऐकलं नाही. म्हणून तिरकं बोलते मी. तू मात्र तिकडून सरळ उत्तर घेऊन ये." मी मँचेस्टरला निघाले होते ती याच अभ्यासासाठी. घराण्यातून उतरणारे लिव्हरचे आजार आणि त्यामागची जनुकं. आईला जनुक म्हणजे काय ते नीट माहीत नव्हतं. तिला फक्त नवऱ्यावरचा आळ पुसून हवा होता.

मँचेस्टरबद्दल मी घरी फोनवर नेहमी चांगलंच सांगितलं. आता खरं ऐका. भिंतीला बुरशी धरलेला फ्लॅट, आणि तक्रार केली की एजंट म्हणायचा, तुमच्या स्वयंपाकाच्या वाफेने होतं ते. फोडणीला घातलेल्या मोहरीने भिंत काळी होते, हे शास्त्र मी पहिल्यांदाच ऐकलं. लोक "यू ऑलराइट?" विचारतात आणि उत्तर ऐकायच्या आत पुढे निघून जातात. पहिल्या वर्षी मी खुळ्यासारखी थांबून उत्तर द्यायचे. नंतर त्यांची भाषा शिकले. "इंटरेस्टिंग" म्हणजे टुकार. "विथ रिस्पेक्ट" म्हणजे गप्प बस. "वी मस्ट हॅव यू ओव्हर" म्हणजे आमच्या दारात पाऊल टाकू नका. आमची आई परवडली, निदान तिचं तिरकं बोलणं झणझणीत तरी असतं.

पुढे प्रोजेक्ट मिळाला. बरेच देश, बरीच हॉस्पिटलं, मोठं इंटरनॅशनल कोलॅबोरेशन. बार्शीकडची घराणी त्यात आली ती माझ्या ओळखीने, माझ्या शब्दावर. आमचे प्रोफेसर सगळ्यांना अभिमानाने सांगायचे, "धिस इज अवर इंडियन आर्म." आर्म म्हणजे हात. डोकं मँचेस्टरला आणि हात बार्शीला. रक्त द्यायला हात लागतो, डोक्याची काय गरज!

काम असं चालायचं. तिकडची नर्स घरोघर जाऊन रक्त घ्यायची, घरच्यांना प्रश्न विचारायची आणि ते बोलणं रेकॉर्ड करून इकडे पाठवायची. इकडे त्याचं इंग्रजी करून प्रत्येक घराण्यावर शिक्का बसायचा, दारूचं की बिनदारूचं. आम्ही शोधत होतो उपजत बिघाड, त्यामुळे दारूची घराणी बाजूला पडायची. माझी आई आणि भाऊ यात असल्यामुळे मराठी रेकॉर्डिंगना हात लावायची मला बंदी होती. नियम बरोबरच आहे, त्याला माझी हरकत नाही. म्हणून ते काम दिलं निखिलला. निखिल लंडनजवळ एजवेअरमध्ये जन्मलेला, पोरगा गुणी, मला ताई म्हणतो. त्याचं मराठी मात्र गणपतीची आरती आणि शनिवारच्या पार्ट्या, एवढ्यावरच वाढलेलं.

एका मीटिंगमध्ये प्रोफेसरांनी पडद्यावर एक वाक्य लावलं. नाव नाही, गाव नाही, फक्त एक विधवा. इंग्रजीत लिहिलं होतं की अर्थातच तो प्यायचा, रोज बाटलीभर, अख्ख्या गावाने बाटल्या मोजल्या आहेत. प्रोफेसर म्हणाले, "किती मोकळेपणाने बोलतात ह्या बायका! असा प्रामाणिक डेटा मिळायला भाग्य लागतं."

मी ते वाक्य वाचलं आणि माझ्या कानात ते मराठीत वाजलं. घ्यायचे तर! रोज बाटलीभर घ्यायचे! अख्ख्या गावाने मोजल्यात की बाटल्या! हे आमच्या आईशिवाय कुणाच्या तोंडून निघणार? नर्सने बिचारीने मर्यादा राखून "मास्तर काही घ्यायचे का हो?" असं विचारलं असणार, आणि त्या एका शब्दाने आईचं डोकं फिरलं असणार. बाबांना आधी गावाने दारुडा ठरवलं, आता मँचेस्टरने. आणि तेही बायकोच्या तोंडून.

मी उभी राहिले. म्हटलं, "ही बाई टोमणा मारते आहे. याचा अर्थ अगदी उलट आहे."

प्रोफेसर गोड हसले. "वी कान्ट कोड टोन, आय ॲम अफ्रेड." बोलण्याचा सूर त्यांच्या रकान्यात बसत नव्हता.

"काल तुम्ही माझ्या ड्राफ्टला 'इंटरेस्टिंग' म्हणालात," मी म्हटलं. "तेही शब्दशः घेऊ का? की तिरकं बोलायचा हक्क फक्त तुम्हांलाच आहे?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. प्रोफेसर कानापर्यंत लाल झाले आणि कार्पेटकडे बघत राहिले. अगदी बंडूकाका! मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

निखिल ट्रॅमच्या स्टॉपपर्यंत माझ्या मागे आला. रडवेला झाला होता. "ताई, मी खूप वेळा ऐकला. ती स्वतः बोलली, रोज. आमच्या घरी 'घेतो' म्हणजे व्हिस्कीच. सगळे अंकल लोक तेच बोलते. मी खोटा नाही लिहिला." त्याला झोडपावं असं वाटत होतं, पण काय झोडपणार? त्याला टोमणा कोण शिकवणार होतं? त्यासाठी भांडकुदळ शेजारी लागतात, आणि त्याच्या रस्त्यावर शेजारी बोलतात ते फक्त कचऱ्याच्या बिन्स कधी बाहेर ठेवायच्या एवढंच.

शेवटी ठरलं की प्रश्न पुन्हा विचारायचा. नर्सने दारूचं नाव घेऊन स्पष्ट विचारायचं आणि उत्तर फक्त हो की नाही. जे उत्तर येईल तेच राहील, त्यावर नंतर कुणाचं काही ऐकणार नाही. म्हणजे आईच्या तोंडून पुन्हा टोमणा निघाला की बाबा कायमचे दारूच्या ढिगात. काय उत्तर द्यायचं हे मी पढवायचं नाही, अशी तंबी मला मिळाली होतीच. मी आईला फक्त एवढंच सांगितलं, की नर्स पुन्हा येईल आणि तिरकं बोललेलं इथे कुणाला कळत नाही.

आई भडकलीच. "मी परत सांगू? ज्यांनी आळ घेतला त्यांना जाऊन विचारा की! आणि कळत नाही म्हणजे? मग तू कशाला बसलीयेस तिथे?"

 

पुढचं भावाने सांगितलं. नर्स आली, तिने विचारलं, "मास्तर दारू प्यायचे का?" आईने पदर खोचला. आता ही हिला फाडून खाणार, म्हणून भावाने जीव मुठीत धरला. आणि आई म्हणाली, "नाही. कधीच नाही. लिहून घ्या." एवढंच. मग ती माजघरात गेली आणि मोठ्याने रडली. बाबा गेले तेव्हासुद्धा ती चारचौघांत अशी रडली नव्हती, कारण रडली असती तर लोक म्हणाले असते, आता रडून काय उपयोग, तेव्हाच अडवायचं होतं.

आमचं घराणं बिनदारूच्या ढिगात आलं. भावात आणि आत्याच्या मुलीत एकच बिघाड सापडला. मास्तरांच्या घराण्यातून उतरलेला, बाटलीशी काही संबंध नसलेला. भावाची आता वेळच्या वेळी तपासणी होते. पेपरवर पहिलं नाव माझं नाही, आणि नर्सचं नाव आहे ते अगदी शेवटी, आभारात. अपेक्षा नव्हतीच.

आईने ते उत्तर बंडूकाकांना ऐकवलं. सरळ, शांतपणे, न चिडता. त्यावर ते म्हणाले, "असेल हो वहिनी, पण थोडी घेतही असतील." जित्याची खोड! सरळ सांगितलेलं तिथे पटत नाही आणि तिरकं सांगितलेलं इथे कळत नाही. मधल्या मध्ये मी.

परवा ट्रॅममध्ये निखिलने विचारलं, "ताई, डिसेंबरला घरी जाणार?"

"जाणार तर!" मी म्हटलं. "अख्खी गल्ली हार घेऊन स्टँडवर उभी आहे माझ्यासाठी. बंडूकाकांना तर रात्र रात्र झोप नाही."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग जपून म्हणाला, "म्हणजे... कोणी नाही येणार?"

"एकटी आई येईल," मी म्हटलं.