मोठ्याचा झेंडा, उजवा कौल

पहिल्या महायुद्धाची कारणे शिकवायला मला दोन तास पुरत. फळ्यावर दोन वर्तुळे काढायची, प्रत्येकात बडी राष्ट्रे लिहायची, त्यांनी एकमेकांना दिलेले शब्द बाणांनी दाखवायचे. मग सांगायचे: एका कोपऱ्यात ठिणगी पडली आणि शब्द पाळायला सगळे एकामागोमाग उतरले. रत्नागिरीतल्या आमच्या शाळेत मुले हे मुद्दे घडाघडा म्हणत. मुद्दे मीच काढून दिलेले. मला सगळे मुद्द्यांत लागे.

१९८७ साली हा धडा चालू असतानाच नवऱ्याचे पत्र आले. तो आखातात तेलवाहू जहाजावर इंजिनखोलीत होता. इराण-इराकची लढाई कित्येक वर्षे चाललेली, आणि आता येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांवरही मारा होत होता. मालकाने म्हणे जहाजावर एका बड्या राष्ट्राचा झेंडा लावायचे ठरवले होते. त्या राष्ट्राच्या युद्धनौका सोबत चालणार होत्या. नव्या करारावर सही करायची की घरी परतायचे, हे त्याला गुरुवारी दुबईत एजंटला सांगायचे होते. ‘त्या दिवशी एजंटकडे ट्रंककॉल लावा. तोवर आईला देवीला कौल लावायला सांग. देवी म्हणेल तसं करीन.’

सासूबाई लगोलग राजापूरच्या वाटेवरच्या आमच्या गावी गेल्या. गुरवाने देवीला ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवीकडची कळी पडली. उजवा कौल म्हणजे होकार.

“मोठ्याच्या आसऱ्याला जातोय, जाऊ दे का, असं विचारलं,” त्या परत आल्यावर म्हणाल्या. “आता काळजी नाय. एवढं मोठं राष्ट्र पाठीशी, कोण हात लावतोय त्याला?”

“आई, त्या राष्ट्राचा जो वैरी, तो आता आपल्या जहाजाचाही वैरी.”

“तुझा इतिहास फळ्यावर ठेव गो!”

फळ्याचा उपयोग नव्हता. मी शिमग्यावर आले.

“गेल्या शिमग्यात पालखीचा पुढचा दांडा कोणी धरायचा, यावरून भांडले किती जण?”

“दोघे. मेले पिऊन आलेले.”

“मग मामंजींचा दात कसा पडला?”

त्यांना हसू फुटले. “खालच्या वाडीला शब्द दिलेला ना! वरची वाडी त्यांच्या अंगावर आली, मग आपल्याला उतरायलाच लागलं. नायतर तोंड कसं दाखवणार?”

“वरच्या वाडीशी मामंजींचं वाकडं काय होतं?”

“काय म्हणजे काय नाय. बुक्की मारली तो तर आपल्या चुलत घरचा जावई.”

“आणि भांडणारे ते दोघे?”

“ते संध्याकाळी एका बाटलीला बसलेले...” हसता हसता त्या थांबल्या. मग म्हणाल्या, “उद्या जाऊन देवीला परत विचारूया.”

दुसऱ्या दिवशी शाळेत रजा टाकून मी त्यांच्याबरोबर गावी गेले. गुरव ऐकेना. “एकच गोष्ट देवीला दोनदा विचारायची नाय, वहिनी. ती काय तुमच्या दारातली पोर आहे?” आम्ही तशाच एसटीने परतलो. वाटेत मी मन घट्ट करून म्हणाले, “आई, फोनवर डावा दिला म्हणा. एकच शब्द.”

“देवीच्या नावानं खोटं बोलू?”

“तुमच्या मुलासाठी.”

त्यांनी मान हलवली. तो होकारच, असे मी धरले.

गुरुवारी तार ऑफिसात कॉल लागला. आवाज खोल विहिरीतून यावा तसा. मी घाईने म्हणाले, “सही करू नका, घरी या.” तो म्हणाला, “आईला दे. कौल काय मिळाला?”

सासूबाईंनी दोन्ही हातांनी फोन धरला. मी शेजारून पुटपुटत होते, डावा, डावा. त्यांनी डोळे मिटले.

“उजवा दिला रे,” त्या म्हणाल्या.

“झालं तर मग! सही करतो.” तो केवढा मोकळा हसला, ते मलाही ऐकू आले. त्याच दमात सासूबाई ओरडल्या, “पण तू जाऊ नको! माझं ऐक, जाऊ नको रे!” तोवर लाइन गेली होती. त्या मुक्या फोनला सांगतच राहिल्या, मी तो हातातून सोडवून घेईपर्यंत.

मी पुन्हा कॉल मागितला. ऑपरेटर म्हणाली, “आज नाही लागणार बाई. उद्या बघा.”

उद्या तो समुद्रात असणार होता. तरी मी कॉल नोंदवला. सासूबाई बाकावरून उठेनात, आणि मलाही त्यांना चला म्हणवेना.