शिंदखेड्याच्या मुलीची आई

चिकनगुनियाचा ताप उतरला, पण बोटं सुजलेलीच राहिली. सकाळी मूठ वळायची नाही. जळगावला एका फ्लेक्सच्या दुकानात मी डिझाइनचं काम करायचे, ते सुटलं. चहाचा कपसुद्धा दोन्ही हातांनी धरावा लागायचा. त्यातच आमच्या ग्रुपमध्ये एकमेकांना चित्रं भेट द्यायची वेळ आली.

ग्रुप म्हणजे एका जपानी कार्टून मालिकेच्या वेड्यांचा. आम्ही एकमेकांना फक्त मोबाइलवरच ओळखायचो. दरवर्षी चिठ्ठ्या टाकायच्या आणि ज्याचं नाव येईल त्याला हवं तसं, मालिकेतल्या पात्राचं चित्र काढून द्यायचं. मी नाव दिलं ते आजारी पडायच्या आधी. माझ्या चिठ्ठीत शिंदखेड्याच्या एका मुलीचं नाव आलं, नर्सिंग शिकणारी.

तिने लिहिलं होतं, की मालिकेतली मुखवटा घालणारी वैदीण तिच्या घराच्या ओट्यावर तिच्या आईशेजारी बसलेली हवी. तिची आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा मायलेकी मिळून ही मालिका बघायच्या. आईला गोष्ट फारशी कळायची नाही, पण वैदीण दिसली की ती खूश व्हायची. आई आता नव्हती. सोबत कुणाच्या तरी लग्नातला फोटो होता. गर्दीतला, अंधुक.

मुखवटा कसाही निभला असता. चेहऱ्याचं काय करणार? ग्रुप सांभाळणाऱ्या ताईंना कळवलं असतं तर त्यांनी हे काम दुसऱ्या कुणाला दिलं असतं. पण नोकरी गेली होती. चित्रही गेलं तर मी कोण, हेच मला कळेना. मी ताईंना कळवलंच नाही.

पेन्सिलीला फडकं गुंडाळून ती जाड केली. तरी रेघ थरथरायची, मध्येच सुटायची. वैदीण कशीबशी उतरली. तिची आई काही उतरेना. खोडून खोडून कागद फाटला. एका दुपारी मी स्वयंपाकघरात माझ्या आईपुढे जाऊन रडले आणि तिला सगळं सांगितलं. फोटोत नुसतं तोंड होतं, ती बाई बसायची कशी ते दिसत नव्हतं. तू बसशील का माझ्यासमोर, असं मी विचारलं. गेलेल्या बाईच्या जागी आपण आईला बसवतोय, हे बोलून गेल्यावर लक्षात आलं.

आई पारोळ्याकडची, घरात अहिराणीच बोलते. ती पदराला हात पुसत म्हणाली, "तिनी माय कोनता रंगनी साडी नेसे, ते इचार पहिले."

मी विचारलं. हिरवी, असं उत्तर आलं. आई हिरवी साडी नेसून भिंतीला टेकून बसली. पाठ भरून आली तरी हलली नाही. ब्रश मुठीत धरून मी रंग भरले आणि चित्राचा फोटो काढून पाठवला.

उत्तर आलं नाही. ग्रुपवर बाकीचे आपापली चित्रं मिरवत होते, एकमेकांचे आभार मानत होते. मी सारखा फोन बघायचे. शेवटी तिचाच फोन आला. ती म्हणाली, "ताई, ही माझी आई नाही वाटत. ती तोंड मिटून हसायची."

मी तिला हाताबद्दल सांगितलं, माझी आई हिरवी साडी नेसून समोर बसली होती तेही सांगितलं. आधी का नाही बोललात, म्हणून ती रागावली. मग स्वतःच्या आईबद्दल सांगत बसली. डावा खांदा कसा उतरता होता, बोलताना मान कशी हलवायची. फोटोत यातलं काहीच नव्हतं. मी पुन्हा काढलं. या वेळी ती म्हणाली की थोडं जवळ आलंय. तिसऱ्यांदा काढलं तेव्हा मला स्वतःलाच दिसत होतं, की जमलेलं नाही आणि या हाताने जमणारही नाही. तरी पाठवलं. दुसरं करण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

ते बघून तिने फोन केला. हिरवी साडी नेसून तुमची आई बसली होती ना, एवढंच तिने विचारलं. मी हो म्हटलं.

"त्यांच्याशी बोलू का थोडं?"

मी फोन आईकडे दिला. आईने तिला जेवली का म्हणून विचारलं, आणि फोन कानाला धरून ती मागच्या दारी जाऊन बसली.